पत्ते टाकायचे, पाहायचे, की रेटायचे?

वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. पोलीस ठाण्याच्या प्रेसनोटमधलं एक वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन. अमुक शिवारात, लिंबाच्या झाडाखाली, गंजीपत्त्यावर पैसे लावून तिरट नावाचा हारजितीचा जुगार खेळताना इतके इसम मिळून आले. पुढे रोख रक्कम, मोबाईल, दुचाकी असा मुद्देमाल. शेवटी महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२ (अ). श्रावण लागला की अशा नोटा वाढतात, दिवाळीत पुन्हा एक लाट येते.

त्या बातमीत सगळं असतं, फक्त खेळ नसतो. समोरच्याने चाल टाकल्यावर हातात तीन पानं धरून बसलेला माणूस नेमका काय हिशेब करत होता, हे कुणी विचारत नाही. आज त्यावरच लिहितोय. पाणी, रस्ता, पीकविमा यावर रोज लिहितोच, एक दिवस हेही वाचा.

हा हिशेब मला शिकवला माझ्या शाळेतल्या मित्राने. पोरगं हुशार. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, मग कॅलिफोर्नियाला गेला. तिकडे पत्त्यांचे क्लब कायदेशीर आहेत, कार्ड रूम म्हणतात. शनिवारी तो तिथे 'लिमिट होल्डम' नावाचा पोकर खेळायचा. सुट्टीला गावी आला की आम्ही गच्चीवर बसायचो. एक शेंगदाणा म्हणजे एक डॉलर. पैसे लावून मी आयुष्यात खेळलेलो नाही, पण त्या गच्चीवर शेंगदाणे बरेच हरलो.

आपल्याकडे तीन पत्ती बहुतेकांना येते, त्यामुळे पोकर समजायला जड नाही. होल्डममध्ये प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात. मग मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. सातातली चांगली पाच धरायची. पैसे लावायचे चार टप्पे. आपला 'पॅक' म्हणजे त्यांचा फोल्ड. शेवटच्या टप्प्यातला कॉल म्हणजे आपला 'शो', पैसे टाकून समोरच्याची पानं पाहायची.

फरक आहे तो 'लिमिट' या शब्दात. ४-८ च्या टेबलावर पहिल्या दोन टप्प्यांत चारचीच बेट, शेवटच्या दोन टप्प्यांत आठचीच. वाढवलंत तरी तेवढ्यानेच वाढवायचं, आणि एका टप्प्यात साधारण तीनदाच वाढवता येतं. तिरटात दोघं हट्टाला पेटले तर चालीवर चाल पडत राहते, खिसा संपेपर्यंत. लिमिटमध्ये घड्याळासारखं चार टप्प्यांत सगळं संपतं. समोरचा कितीही श्रीमंत असो, शेवटी तुम्हाला विचारतो ते आठ डॉलरच.

मला वाटलं होतं की मग यात थरार कसला? मित्र हसला आणि त्याने शेंगदाणे मांडले.

त्याचा एक खरा डाव होता. त्याच्याकडे एक्का आणि दश्शी. सुरुवातीलाच त्याने वाढवलं, चार जण आत राहिले. पॉटमध्ये ३४ डॉलर. मध्ये उघडली दश्शी, सत्ती, दुर्री, त्यात दोन पानं किलवरची. मित्राची दश्शीची जोडी झाली. त्याने चार लावले, दोघं आले, एक गेला. ४६. चौथं पान चौकटची चव्वी, कामाची नाही. मित्राने आठ लावले, आता एकच गडी उरला, बेसबॉलची टोपी घातलेले एक आजोबा. ६२. शेवटचं पान पडलं किलवरची राणी. इतका वेळ गुपचूप कॉल करणाऱ्या आजोबांनी आठ डॉलर पुढे सरकवले.

७० डॉलर मध्ये. तुझ्याकडे दश्शीची जोडी. काय करशील?

मी म्हणालो, पॅक. सरळ दिसतंय की म्हाताऱ्याचे किलवर जमलेत, नाहीतर राणी लागलीय. तो म्हणाला, "बरोबर, बहुतेक वेळा तसंच असतं. पण मी तुला त्याच्याकडे काय आहे हे विचारलंच नाही. मी विचारलं काय करशील."

इथे मला पहिल्यांदा तो खेळ समजला.

आठ टाकून सत्तर मिळणार असतील तर दर वेळी बरोबर असण्याची गरजच नाही. नऊ वेळा असाच डाव आला आणि आठ वेळा आजोबांकडे किलवर निघाले, तर आठ गुणिले आठ, चौसष्ट गेले. एकदा त्यांची थाप निघाली तर सत्तर आले. सहा डॉलर फायदा. दहात एकदा निघाली तर दोनचा तोटा, म्हणजे जवळजवळ बरोबरी. उलट बाजूने बघा. चुकून कॉल केला तर चूक आठ डॉलरची. चुकून पत्ते टाकले तर चूक सत्तर डॉलरची.

पोकरवाले याला रडत रडत केलेला कॉल म्हणतात. हरणार हे माहीत असतं, तरी आठ डॉलर पुढे सरकवायचे, कारण भाव तसा आहे.

मित्राने कॉल केला. आजोबांकडे दोन किलवर होते. हरला. आणि मला सांगताना म्हणतो, "बरोबर खेळलो." त्या दिवशी मला तो अमेरिकेत जाऊन थोडा बिघडल्यासारखाच वाटला होता.

याचा अर्थ डोळे झाकून कॉल करत बसायचं असा नाही. लोक इथेच घसरतात. आजोबा त्या टेबलावर वर्षभर बसलेत आणि शेवटच्या पानावर त्यांनी एकदाही थाप मारलेली कुणी पाहिली नसेल, तर नवातून एकदासुद्धा निघणार नाही. मग आठ डॉलरही महाग. तिथे पत्ते टाकून चहा मागवायचा. दुसरं, सुरुवातीच्या टप्प्यात पॉट लहान असतो, पुढच्या बेटी बाकी असतात, तिथे हाच हिशेब उलटा येतो. आणि तिसरं सगळ्यात अवघड. पॉटमध्ये तुमचे स्वतःचे वीस डॉलर पडलेले असतात. 'इतके टाकलेत तर आता मागे कसं फिरू' ही भावना आणि 'सत्तर मिळणार असतील तर आठ टाकतो' हा हिशेब, दोन्हींचं उत्तर कधीकधी सारखं येतं, पण दोन्ही एक नाहीत. पॉटमधला पैसा कुणी टाकला हे बघायचं नाही, तो किती आहे एवढंच बघायचं. टाकला की तो तुमचा राहिला नाही.

आता तिसरा रस्ता, रेटायचा. आठच्या जागी सोळा टाकायचे, जणू किलवर आपल्याकडेच आहेत. सिनेमात हिरो हेच करतो. मित्र म्हणाला, लिमिटमध्ये हे बहुतेकदा पैसे जाळणं आहे. सोळा टाकून सत्तर मिळवायचे तर साधारण साडेपाचात एकदा तरी समोरच्याने पत्ते टाकायला हवेत. पण तो का टाकेल? आता मध्ये ८६ आहेत आणि त्याला फक्त आठ टाकून बघायचंय. जो भाव मला कॉल करायला लावत होता, त्याहून स्वस्त भाव मीच त्याला दिला. राणीची जोडी असलेला माणूससुद्धा पुटपुटत कॉल करणारच. शिवाय दश्शीची जोडी घेऊन रेटण्यात अर्थच नाही. आजोबांची थाप असेल तर ती साध्या कॉलनेही पकडली जाते. खरं पान असेल तर ते पळत नाहीत.

मग रेटायचं कधी? जेव्हा तुमच्या हातात थाप पकडण्याइतकंही काही नसतं तेव्हा. समजा तुम्ही किलवरची वाट बघत होतात, आले नाहीत, हातात सत्ती-छक्की राहिली. समोरचाही कसल्यातरी पानाची वाट बघत होता, त्यालाही आलं नाही, आता तो थाप मारतोय असा तुमचा वास आहे. कॉल केला तरी त्याचा नुसता गुलाम तुमच्या सत्तीला हरवेल. म्हणजे थाप ओळखूनही तुम्ही हरलात. तिथे रेटायचं. किंवा तुमच्या मागे तिसरा गडी अजून बोलायचा बाकी असतो. पुढच्याची थाप असेल असं वाटतं, पण मागच्याकडे तुमच्यापेक्षा बरं पान असू शकतं. आठ म्हटलं तर तो येईल, सोळा म्हटलं तर दोघांच्या मध्ये सापडून दहादा विचार करेल. रेटणं हे मधल्या पानाचं काम नाही. ते एकदम टोकाच्या पानांचं काम, फार चांगल्या किंवा अगदी फालतू.

हा मित्राचा अनुभव झाला. पण दोघांतल्या लिमिट होल्डमचा संपूर्ण हिशेब संगणकाने खरंच लावून ठेवलाय. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. प्रोग्रामचं नाव सेफियस. हजारो प्रोसेसर दोन महिन्यांहून जास्त काळ त्याला स्वतःविरुद्धच खेळवत होते. पद्धत मला आवडली. दर डावानंतर तो प्रत्येक निर्णयाची 'हळहळ' मोजतो, म्हणजे इथे कॉलऐवजी पत्ते टाकले असते तर किती वाचले असते, रेटलं असतं तर किती मिळाले असते. ज्या चालीची हळहळ जास्त, ती पुढच्या वेळी जास्त खेळायची. थाप मारायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हळहळ मोजता मोजता ती आपोआप आली. आणि एकाच हाताला तो कधी कॉल करतो, कधी टाकतो, ठरलेल्या प्रमाणात. आपल्या डावाचंच गणित धरलं तर बासष्टच्या पॉटवर आठची थाप फुकट चालू द्यायची नसेल, तर नवातून साधारण आठ वेळा कुणीतरी पाहायलाच हवं.

थाप ही काही धूर्त माणसाची खासियत नाही, तीही भावाचाच भाग आहे. हे कळल्यावर मला आमच्या राजकारणातल्या बऱ्याच पत्रकार परिषदा नव्याने समजल्या. असो.

आता त्या छाप्याचं सांगतो. ठिकाण सांगत नाही, आमच्याच भागातला. प्रेसनोटमध्ये नऊ नावं होती. रात्री साडेआठला एक काका ऑफिसात आले. पोराचं नाव त्यात होतं. म्हणाले, "भाऊ, बाकीच्यांचं काय ते बघा, आमच्याचं तेवढं गाळा. सोयरीक चाललीय." मी म्हणालो, "काका, छापलं तर सगळ्यांची, नाहीतर कुणाचीच नाही." हा माझा जुना नियम आहे. काका गप्प बसून राहिले.

तेवढ्यात दुसऱ्या एकाचा चुलतभाऊ आला, पांढरा शर्ट, दोन मोबाईल. त्याने विनंती वगैरे केलीच नाही. "पत्रकार, साहेबांना फोन लावू का?" साहेब म्हणजे कोण ते तुम्हाला कळलं.

मला खरंच गच्चीवरचे शेंगदाणे आठवले. याने खरोखर फोन लावला तर माझं काय जाणार? दहा मिनिटांचं ऐकून घेणं, फार तर एखादी जाहिरात. आणि मी इथे पत्ते टाकले तर? उद्यापासून प्रत्येक छाप्याला दोन मोबाईलवाला माणूस दारात उभा. पॉट मोठा, कॉल स्वस्त. शिवाय हातात काही असतं तर याने आल्या आल्या फोनच माझ्या कानाला लावला असता. म्हणालो, "लावा." तो फोन कानाला लावून बाहेर गेला. परत आला नाही. साहेबांनी उचलला नाही, की याने लावलाच नाही, मला अजून माहीत नाही. आपण आठ डॉलर टाकूनही कधीकधी समोरचा पानं न दाखवता गड्डीत मिसळून टाकतो.

दुसऱ्या दिवशी बातमी चार ओळींची गेली. नऊ इसम, मुद्देमाल, कलम. नावं कुणाचीच नाहीत.

पण खरं बोलणं झालं ते नंतर, काकांशी. निघताना म्हणाले, "तिरटात पाचशे गेले असतील भाऊ. मोबाईलवर किती घालवले ते विचारा." सोयाबीनची पट्टी आली होती, ती त्यात गेली. आकडा त्यांनी सांगितला, तो इथे लिहीत नाही. पोराशी मी बोललो. तो पोकरच खेळायचा, ॲपवर. म्हणे, "दादा, मी मोठ्या टेबलावर कधी बसलोच नाही. पन्नासचीच बेट असायची."

हा पन्नासचा आकडा मला फार दिवस टोचत राहिला, कारण लिमिटचं सगळं गणित याच शब्दावर उभं आहे. एक बेट लहान आहे, म्हणून कॉल करा. पण लहान कुणासाठी? डल्लसचा अँडी बील नावाचा बँकर २००१ ते २००६ या काळात लास वेगासला जाऊन जगातल्या उत्तम खेळाडूंशी एकेकट्याने लिमिट होल्डम खेळला. त्याची युक्ती एकच होती, बेट इतकी वाढवायची की समोरच्या व्यावसायिकाचा हात थरथरला पाहिजे. एका बेटला लाखो रुपये नव्हे, लाखो डॉलरपर्यंत तो गेला. खेळ तोच, भाव तोच, नवातून एकदा तोच. पण हरण्याची ती आठ वेळ सोसायला खिसा लागतो. खिसा नसेल तर बरोबर कॉलही तुम्हाला बरबाद करतो, कारण नववी वेळ येईपर्यंत तुम्ही टेबलावर नसताच. फेब्रुवारी २००६ मध्ये बील फिल आयव्हीकडून काही दिवसांत दीड कोटी डॉलरहून जास्त हरला. तो बँकर होता, घरी गेला.

आमच्या पोराचा हिशेब बघा. क्लबात खरे पत्ते पिसून तासाला तीसेक डाव होतात. मोबाईलवर त्याच्या दुप्पट, एकाच टेबलावर. समजा दहा डावांत एक कॉल पन्नास रुपयांचा नको तिथे केला. तासाला साठ डाव धरले तर तीनशे रुपये. रात्री चार तास, बाराशे. महिन्याला छत्तीस हजार. यात कुठेही धाडस नाही, मोठी बाजी नाही, सिनेमातला सीन नाही. दर वेळी फक्त पन्नास. वर कंपनीची नाल वेगळी, आपला अड्डेवाला काढतो तसाच प्रत्येक पॉटमधून वाटा.

कोर्टात या खेळाबद्दल वर्षानुवर्षं एकच प्रश्न चालला, कौशल्य की नशीब? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटला. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार म्हटलं. आपल्या १८८७ च्या कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा प्रश्नच बाजूला ठेवला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

माझं मत विचाराल तर पोकर हा कौशल्याचाच खेळ आहे. वर एवढा हिशेब मांडला तो उगाच नाही. पण कौशल्याचा खेळ आहे म्हणून तो निरुपद्रवी, हा ॲपवाल्यांचा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. नशिबाच्या खेळात निदान आमचा पोरगा आणि समोरचा सारखे असतात. कौशल्याच्या खेळात समोर असा कुणीतरी बसलेला असतो ज्याला नवातून एकदा म्हणजे काय हे माहीत आहे, आणि आमच्या पोराला माहीत नाही. त्याच्या पन्नास-पन्नासवर तो माणूस जगतो. जाहिरातीत मात्र क्रिकेटपटू येऊन 'डोकं चालवा, जिंका' सांगायचे.

पोराला मी तो आजोबांचा डाव कागदावर काढून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मी तर रेटायचो दादा. जोडी असली की रेटायचोच. वाटायचं घाबरतील." ॲप बंद झालंय, पण फोनवर अजून कुठल्याकुठल्या लिंक येतात, असं त्याने आपणहून सांगितलं. आता तो मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहायला जातो. सोयरीक मात्र मोडली. बातमीत नाव नव्हतं, तरी गावाला कळायचं ते कळतंच.

मित्राला परवा हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या क्लबातली लिमिटची टेबलं कमी कमी होत चाललीत. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक साधा अकाउंटंट नो-लिमिटची जागतिक स्पर्धा जिंकला, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून नवीन पोरांना एका डावात सगळं पुढे ढकलायचं असतं. लिमिटच्या टेबलावर आता बहुतेक म्हातारेच. टोपीवाले आजोबा अजून येतात म्हणे, आणि शेवटच्या पानावर आठ डॉलर सरकवले की हा अजूनही पाहतो.

जाता जाता एक. आमच्याकडे तिरट म्हणतात. तुमच्या भागात काय म्हणतात ते कमेंटमध्ये लिहा. आणि कुणाच्या घरात असा पन्नासवाला असेल तर नाव न लिहिता इनबॉक्सला या, कागद-पेन्सिल घेऊन बसू. शेंगदाणे माझ्याकडे आहेत.